लवकर उठणाऱ्याचं बक्षीस

ऐंशी सालच्या एप्रिलात पोलादपूरकडच्या एका गावात तालुक्याहून साहेब आले आणि सकाळ कशी घालवावी यावर दीड तास बोलले. पहाटे उठा, थोडं चाला, मोकळी हवा घ्या, मग बघा दिवस कसा आनंदात जातो! शेवटी त्यांनी पिशवीतून गजराचं कोरं घड्याळ काढलं.

"हे बक्षीस. गावात सगळ्यात लवकर कोण उठतं?"

"आमी, बौद्धवाडीतल्या बायका," मागून कमळाबाई म्हणाली. "साडेतीनला."

"वा! रोज?"

"रोज. उजाडल्यावर आमाला विहिरीवर येऊ देत नाय. गाव उठायच्या आत पाणी भरून निघायचं, असा सरपंचांचा हुकूम हाय. घड्याळ नको सायेब, आमाला दिवसाउजेडी पाणी भरू द्या."

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि घड्याळ शेजारी बसलेल्या सरपंचांच्या हातात ठेवलं.

"अख्ख्या वाडीला पहाटे उठायची शिस्त लावलीत," ते गहिवरून म्हणाले. "तुमच्यासारखा सरपंच प्रत्येक गावाला हवा."