डीपीचा खटका

वायरमननं डीपीचा, गल्लीच्या वीजपेटीचा, खटका खाली ओढला. गल्ली अंधारली, आणि छबुबाईनं आपली प्लास्टिकची खुर्ची डीपीच्या अगदी पुढ्यात सरकवली.

"आजी, मांडीवर घे," आरोही म्हणाली. पाच वर्षांची नात, पण अंधार झाला की तिला धीर निघत नसे. पाळण्यात होती तेव्हाही ती अशीच टाहो फोडायची.

घाटनांदूरचं चर्च दहा-बारा घरांचं, पण नाताळच्या आदल्या संध्याकाळची मिरवणूक सगळ्या गावाची. माळांनी मढवलेले सात-आठ ट्रॅक्टर, एकावर गवताचा गोठा, एकावर लाल डगल्यातला सांताक्लॉज, सर्वांत मागे जनरेटर. पहिल्या ट्रॅक्टरवरची चांदणी इतकी उंच, की गल्लीतल्या लोंबत्या तारा बांबूनं वर उचलाव्या लागत. म्हणून तेवढा वेळ वीज बंद.

तारा उचलायचं काम छबुबाईच्या नवऱ्याचं, बद्रीनाथचं. पाच वर्षांपूर्वी तो गल्लीच्या त्या टोकाला बांबू घेऊन उभा असताना कुणीतरी खटका वर केला. बांबू दवानं ओला होता. चांदणी पुढं सरकायच्या आत बद्रीनाथ खाली पडला.

कुणीतरी म्हणजे पंडित, असं गावानं ठरवलं. डीपीला लागूनच त्याची पिठाची गिरणी. दळण अर्ध्यात अडकलं म्हणून त्या संध्याकाळी तो वायरमनशी भांडला होता. ते चारचौघांनी ऐकलं होतं. पोलिसांना पुरावा मिळाला नाही. गावाला तो लागलाच नाही. गिरणीवर दगड पडले, गिऱ्हाईक तुटलं, आणि पंडित बायकापोरांना घेऊन गेवराईला दुसऱ्याच्या गिरणीवर कामाला गेला.

आता बांबू छबुबाईच्या मुलाच्या, सुग्रीवच्या हातात होता. शेवटचा ट्रॅक्टर गल्लीबाहेर पडेपर्यंत ती दरवर्षी खटक्यापुढून हलत नसे. पोराची राखण करते, असं लोक म्हणत आणि अदबीनं बाजूला होत.

बँड कोपऱ्यावर आला तेव्हा बंद गिरणीच्या पायरीवरून एक माणूस उठला. तोंडाला मफलर. तो सरळ डीपीकडे चालत आला. छबुबाईनं आरोहीला खाली उतरवलं आणि ती खटक्याच्या आड उभी राहिली.

"वहिनी, मी पंडित."

"कावून आलात, अप्पा?"

"गिरणीची मशीन उद्या न्यायचीय. म्हटलं, मिरवणूक बघून घ्यावी."

"कुणी वळखलं तर?"

"वळखू द्या." त्यानं हात पुढं केला. छबुबाईनं खटका हातानं झाकला. पण हात आरोहीच्या डोक्यावर गेला. "लई मोठी झाली. तवा पंधरा दिसांची हुती."

पहिला ट्रॅक्टर गल्लीत शिरला. सुग्रीवनं बांबूच्या बेचक्यात तार धरली आणि वर रेटली. दोघंही तिकडंच बघत राहिले. चांदणी सरकली. दुसरी तार. तिसरी.

"एक इचारायचं हुतं," पंडित म्हणाला. "गाव म्हणतं ते म्हणू द्या. तुमाला बी वाटतं का, मी खटका वर केला?"

"न्हाई."

"कवापासून?"

"पैल्यापासून."

गोठ्याचा ट्रॅक्टर गेला. सांताक्लॉजनं उधळलेली चॉकलेटं आरोही वाकून वेचू लागली.

"मग कुणाला बोलला न्हाईत कधी."

"कुणी इचारलंच न्हाई, अप्पा."

पंडितनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता, आनंदही नाही.

जनरेटर शेवटच्या तारेखालून बाहेर पडला. लांबून सुग्रीवनं बांबू आडवा केला आणि आईला हात दाखवला. छबुबाई खटक्यापासून बाजूला झाली. ती खुर्चीत बसली.

"तुमी पोलिसांना सांगायचं हुतं," ती म्हणाली. "मी न्हाई म्हणून."

"सांगितलं की. तीन दिवस तेच सांगितलं. ते म्हणले, तू न्हाईस तर कोण, त्याचं नाव सांग."

"मग?"

पंडितनं मफलर नीट गुंडाळला.

"घरात मयत झालेली. त्यात आणि काय सांगू? गिरणीच्या खिडकीतून मला दिसलं हुतं. पोर काखेत रडत हुती, अन् खटक्यावर हात तुमचा हुता, वहिनी."