सातव्या ठरावावर टाळी नाही

टाळीमास्तरांनी दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले होते. खुर्ची लोखंडी होती, बोटं चेंगरत होती, पण आज हातांचा काही भरवसा नव्हता. शेजारी त्यांचा मेहुणा बसला होता आणि दर मिनिटाला त्यांच्या कोपरांकडे बघत होता.

मास्तर म्हणजे छापखान्यातल्या बाइंडिंग खात्याचे प्रमुख. पुस्तक शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण नाव पडलं ते टाळीवरून. वार्षिक सभेत अध्यक्ष ठराव वाचायचे, चष्मा काढायचे, पहिल्या रांगेतून मास्तरांची टाळी पडायची आणि मागोमाग सारा हॉल वाजायचा. झाला ठराव मंजूर. बावीस वर्षं हेच चाललं होतं. छापखाना कामगारांच्याच मालकीचा होता, प्रत्येकाला मत होतं, आणि ते मत आजवर कोणी वापरलं नव्हतं. टाळीला डोकं लागत नाही, त्यामुळे ती सगळ्यांनाच जमायची.

यंदाचा सातवा ठराव मात्र बाइंडिंग खातंच बंद करण्याचा होता. काम बाहेर द्यायचं आणि अकरा माणसं घरी बसवायची. त्या अकरांत मास्तर आले, मेहुणा आला, मेहुण्याच्या मागे त्याची शाळेत जाणारी दोन पोरं आली. नियम साधा होता. एकाने जरी उभं राहून हरकत घेतली, तरी चिठ्ठ्या टाकून मतदान घ्यावं लागायचं. आणि मतदानात ठराव पडणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, कारण आज बाइंडिंग गेलं तर उद्या आपण, हे छपाईवाल्यांनाही कळत होतं.

प्रश्न एवढाच, की मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? आठवडाभर त्यावर खल झाला. प्रूफं तपासणाऱ्याचं बढतीचं पत्र यायचं होतं. मशीनवाल्याचा घसा बसला होता, तोही नेमका सभेच्या दिवसापर्यंत बसणार होता. मेहुणा म्हणाला, माझ्यावर आधीच अध्यक्षसाहेबांचा डोळा आहे. शेवटी एका उंटावरच्या शहाण्याने तोड काढली. कोणी उभंच राहायचं नाही, फक्त टाळी वाजवायची नाही. टाळी नाही तर मंजुरी कसली? सगळ्यांचे चेहरे खुलले.

मास्तरांनी घरी हा बेत सांगितला, तेव्हा बायको ताट वाढता वाढता थांबली.

"जन्मभर त्या माणसासाठी हात बडवलेत," ती म्हणाली. "एकदा माझ्या भावासाठी पायांवर उभे राहा."

बायकांना डावपेच कळत नाहीत, असं म्हणून मास्तर जेवायला बसले.

अध्यक्षांनी सातवा ठराव वाचला. चष्मा काढला. पहिल्या रांगेकडे बघितलं.

मास्तरांनी हात मांड्यांखाली आणखी दाबले. तळहातांना मुंग्या आल्या. हॉलमध्ये फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. अध्यक्षांना वाटलं, आपलंच काही चुकलं. त्यांनी चष्मा पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. तरी काही नाही. मास्तरांची छाती अभिमानाने भरून आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. मेहुण्याने त्यांचा गुडघा दाबला. मागच्या रांगांतही लोक लढाई मारल्यासारखे ताठ बसले होते.

अध्यक्ष टेबलावरचं पाणी प्यायले, त्यांनी घसा साफ केला आणि कोणाची काही हरकत आहे का, असं विचारलं.

हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. साऱ्या हॉलने मास्तरांकडे बघितलं, कारण सुरुवात करायची ती नेहमी मास्तरांनीच. मास्तरांनी मेहुण्याकडे बघितलं. "मोठे तुम्ही, भावोजी," मेहुणा पुटपुटला. मास्तर आपल्या चपलांकडे बघत राहिले. उभं राहायचं तर ठरलंच नव्हतं.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"दरवर्षी तुमच्या टाळ्यांमुळे विचारायचं राहूनच जायचं," ते हसून म्हणाले. "आज रीतसर विचारलं. कोणाची हरकत नाही. लिहा, एकमताने मंजूर. इतकं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचे आभार."

मास्तरांची टाळी कडाडली. मागोमाग सारा हॉल वाजला, दरवर्षीपेक्षा जोरात वाजला, आणि मेहुणाही मागे राहिला नाही. टाळी वाजवायची नाही असं ठरलं होतं ते ठरावावर. आणि ठराव तर आता मंजूर झाला होता.