दोन वर्षं की चार

कर्जतला सायबर कॅफेवाला रूपालीचा नर्सिंगचा फॉर्म भरत होता. बाप म्हणाला, “दोन वर्सांचंच टाका. लवकर नर्स होऊन वाडीवर येईल.” रूपालीला चार वर्षांची पदवी हवी होती, पण तिने मार्कशीट पुढे सरकवली. तेवढ्यात बापाचा फोन वाजला. वाडीला रस्ता नाही, म्हणून सुंदरावहिनीला झोळीत घालून चौघे डोंगर उतरत होते; वाटेतच ती बाळंत झाली. “आपल्या नर्सबाईला फोन दे,” झोळी उचलणाऱ्यांतला हिरामणकाका धापा टाकत म्हणाला. वाडी रूपालीला आत्तापासूनच नर्सबाई म्हणायची. बापाने फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला. “पोर रडत नाय गं. काय करू?” “मला नाय ठाऊक, काका,” रूपाली म्हणाली. बाप तिच्याकडे बघत राहिला. पलीकडून एक म्हातारी ओरडली, “पाठ चोळ, पाठ.” मग बारीकसं रडणं ऐकू आलं. बाप कॅफेवाल्याकडे वळला. “चार वर्सांचं टाका. तवर झोळी आमी उचलू.”