दोन वर्षांची हमी

तपासनिसांनी कुत्र्याच्या पिल्लाचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला. हिरडी पांढरी पडली. अंगठा काढला तशी ती पुन्हा गुलाबी झाली. त्यांनी खिशातली लाल-निळी पेन्सिल काढली आणि हातातल्या फाइलमधल्या यादीवर निळ्या टोकाने खूण केली.

"काका, इतकी वर्षं पिल्लं विकतेय, पण हिरड्या बघणारे तुम्हीच पहिले," ब्रीडर बाई म्हणाली.

"चौतीस वर्षं कारखान्यात माल तपासलाय त्यांनी," बायकोने खुलासा केला. "निळी खूण म्हणजे माल पास, लाल म्हणजे परत. भाजी आणली तरी पेन्सिल बाहेर येते. लग्नाच्या वेळी मात्र माझी काडीचीही चौकशी केली नाही."

"तेव्हा नोकरी नवी होती," तपासनीस म्हणाले.

खोलीभर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली होती आणि फिनेलचा वास येत होता. कोपऱ्यात जाळीमागे पिल्लांची आई आडवी पडली होती. हे एक पिल्लू तेवढं बाहेर होतं. तपासनिसांनी सोडताच ते तुरुतुरु जाऊन बायकोच्या चपलेचा पट्टा चावू लागलं. तिने पाय मागे घेतला नाही. तिच्या लेखी खरेदी केव्हाच झाली होती.

तपासनिसांचं तसं नव्हतं. त्यांना पिल्लू देखणं नसलं तरी चालणार होतं, ते टिकायला मात्र हवं होतं, कारण ते स्वतः टिकणार नव्हते. तीन आठवड्यांपूर्वीचा त्यांच्या हृदयाचा रिपोर्ट याच फाइलच्या मागच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेला होता. बायकोला त्यांनी गॅसेस झालेत म्हणून सांगितलं होतं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तीन आठवडे ते तिच्याशी फारसं बोललेच नव्हते. आपल्या मागे घरात कोणीतरी असावं आणि त्याने तरी तिला लवकर सोडून जाऊ नये, एवढ्यासाठी ही सगळी यातायात चालली होती.

"हमी किती वर्षांची?" त्यांनी विचारलं.

"दोन. खुबा, डोळे, हृदय, सगळ्याची. जन्मतः काही दोष निघाला तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा, दुसरं पिल्लू घेऊन जा."

"आणि हे?"

"हे परत करायचं."

"तोवर जीव लागलेला असला तर?"

"काका, त्याची हमी मी कुठून देऊ?" ब्रीडर हसली.

तपासनिसांनी यादीकडे पाहिलं. "बापाचं हृदय तपासलंय?"

तिने कपाटातून रिपोर्ट काढून दिला. तो घेऊन ते खिडकीपाशी गेले. दोन पानं भरून बारीक अक्षरं होती, पण त्यांचं बोट थेट खालून चौथ्या ओळीवर जाऊन थांबलं.

"बासष्ट टक्के. छान आहे," ते म्हणाले. माल चोख निघाला की त्यांचा आवाज खुलायचा, तसा तो आज कितीतरी दिवसांनी खुलला. "हृदय किती जोराने रक्त ढकलतं त्याचा हा आकडा. पन्नासच्या खाली गेला की दम लागायला लागतो. तीसच्या खाली गेला की संपलंच. मग जिना चढताना मधे थांबा, दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही."

"कुत्र्याला उशा?" ब्रीडर खो खो हसली. "काका, तुम्ही पण ना!"

बायको हसली नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेली उशी तीन आठवड्यांपासून त्यांच्या बिछान्यावर होती. गॅसेससाठी बरी, असं ते म्हणाले होते. तिने वाकून पिल्लाला उचललं आणि पोटाशी धरलं.

"तुमचा किती आहे?" तिने विचारलं.

तपासनिसांनी रिपोर्टची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"अहो, मी काय विचारतेय?"

"सत्तावीस," ते म्हणाले.

ब्रीडरला त्यातलं काहीच कळलं नाही. सौदा जमला असं समजून तिने हमीपत्र टेबलावर ठेवलं. तपासनिसांनी ते आल्या आल्या भरून दिलं होतं. मालकाच्या रकान्यात बायकोचं एकटीचं नाव होतं.

"ही एक ओळ राहिलीय, काका. मालक नसताना कुत्र्याची जबाबदारी कोणाची? तिथे नाव आणि सही लागते."

"कोरी राहू द्या ती."

"आण ते इकडे," बायको म्हणाली. पिल्लाला डाव्या हातात धरून तिने ब्रीडरच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या ओळीवर नवऱ्याचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"करा सही."

"अगं, ते कसं..."

"ही बाई मुक्या जनावराची दोन वर्षांची हमी देते. तुम्हाला तेवढीही देता येत नाही?" तिचा आवाज फाटला. पिल्लू दचकून तिच्याकडे बघू लागलं.

तपासनीस कागदाकडे बघत राहिले. खराब माल त्यांनी जाणूनबुजून कधीच पुढे सोडला नव्हता. त्यापायी साहेबांशी भांडणं झाली होती, दोनदा बढती हुकली होती. सवयीने त्यांच्या बोटांनी पेन्सिलचं लाल टोक खाली केलं.

मग त्यांनी पेन्सिल खिशात टाकली, बायकोकडून पेन घेतलं आणि सही केली. खाली तारीख घातली.