कणगीतली पुली

निजामाचे अमीनसाहेब आपली मोटारगाडी सरकारजमा करायला निघालेत, अशी कुणकुण लागली तसं पेडगावच्या दिनकररावांनी धोतर खोचलं. इंजिनाच्या तोंडाची पुली काढली, की हँडल मारायला जागाच उरत नाही, मग मोटार चालू व्हायची कशी? पुली जाम बसलेली. बोटांची सालटी काढून घेत त्यांनी ती दुपारभरात उपटली आणि ज्वारीच्या कणगीत दडवली.

अमीनसाहेब आले.

"हुजूर, लय दिसांपासून बंद हाय. हँडलच लागंना," दिनकरराव हात जोडून म्हणाले.

"हरकत नाही." साहेबांची नजर गोठ्यातल्या लालकंधारी जोडीवर गेली. "ते बैल जुपा. मोटार ओढत नेतील. मग बैलही सरकारजमा."

दिनकरराव कणगीकडे वळले.


"जरा दम धरा, हुजूर. आत्ता चालू करून देतो."