वैयक्तिक कारण

कारखान्यात तृप्ती कांडेकरने तपासायला तिसरं भिंग हातात घेतलं, तेवढ्यात तिच्या कानामागची चकती मोठ्याने बोलली, "कामगिरीत घट. कारण वैयक्तिक: मुलाच्या दम्याची काळजी. सुट्टी होईपर्यंत ही काळजी बंद करू का?"

"नको," तृप्ती म्हणाली.

सुपरवायझर गायधनी लगबगीने आले. "अहो कांडेकर, सगळेच बंद करून घेतात. संध्याकाळी काळजी परत मिळतेच की! होय म्हणा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"आणि दुपारी शाळेतून फोन आला, तर मला काहीच वाटणार नाही?" तृप्तीने मागच्या भिंतीला हात लावला. पलीकडच्या कॉम्प्रेसरमुळे भिंत थरथरत होती, टेबलही थरथरत होतं. "काळजी जुनीच आहे, साहेब. कॉम्प्रेसर गेल्या महिन्यात आला. ही चकती माणसाच्या डोक्यात बघते, भिंतीकडे बघत नाही."

"कारणं नकोत."

"मग तुम्ही बसा. तुमच्यासारखं भिंग कुणी तपासत नाही, असं तुम्हीच सांगता."

आजूबाजूचे हात थांबले. सगळे बघताहेत म्हटल्यावर गायधनींना बसावंच लागलं. थोड्याच वेळात त्यांनी चरा पडलेली दोन भिंगं चांगल्या भिंगांत टाकली, आणि त्यांचीही चकती बोलली.

"कामगिरीत घट. कारण वैयक्तिक: आईच्या ऑपरेशनची काळजी. बंद करू का?"

गायधनींनी घाईने कानामागे हात नेला.

"काढताय कशाला? होय म्हणा ना, साहेब," खुर्चीची पाठ घट्ट धरून तृप्ती म्हणाली. "तुम्ही म्हणा, मग मीही म्हणते."