करवत लाकडात असताना

लाकूड-तपासनीसांनी फळीच्या कडेला जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे," ते म्हणाले.

"चव राहू द्या, नाव सांगा," वडील म्हणाले. गिटारचा कारखाना त्यांचा, आणि शब्दही त्यांचाच चालायचा. "गिऱ्हाईक आधी लाकडाचं नाव विचारतं, मग गिटार हातात घेतं."

तपासनीस बिचारे सकाळपासून त्या फळीच्या मागे हात धुऊन लागले होते. त्यांनी ती हुंगली, नखाने खरवडली, तिचा भुसा पाण्यात टाकून ते पाणी उजेडात धरलं, भिंग लावून लावून डोळा लाल करून घेतला. फळी काही दाद देईना. कुठल्या तरी उष्ण देशाच्या जंगलातलं टणक लाकूड, एवढंच काय ते कळत होतं. नव्या रंधा-यंत्राच्या खोक्याला ठोकलेली ती फळी समुद्र ओलांडून आली होती. खोकं फोडल्यावर बाकीच्या फळ्या शेगडीत गेल्या. ही एक थोरलीने बाजूला काढली, कारण खाली पडताना ती धप्पकन पडली नव्हती. खणखणीत वाजली होती.

थोरली म्हणजे मालकांची लेक. कारखान्यातल्या प्रत्येक गिटारवर शेवटचा हात तिचा फिरायचा, आणि आत बनवणाऱ्याची चिठ्ठी चिकटायची धाकट्या भावाच्या नावाची. ही फळी तिला स्वतःच्या गिटारसाठी हवी होती. पहिल्यावहिल्या. तसं तिने सगळ्यांसमोर सांगितलंही होतं. त्यावर वडिलांनी निवाडा दिला. लाकूड नावाजलेलं निघालं तर धाकट्याच्या ऑर्डरीतल्या गिटारच्या पाठीला लागेल. नाव नाही सापडलं तर सरस गरम करायच्या शेगडीत जाईल. म्हणजे काहीही निघो, थोरलीच्या हाती भोपळाच.

"असं वरवर बघून नाही कळायचं," तपासनीस घाम पुसत म्हणाले. "रेषांना आडवा, ताजा काप हवा. दोन बोटांचा तुकडा द्या, प्रयोगशाळेत ताडून बघतो."

फळी थोरलीच्या गिटारला लांबीत जेमतेम पुरत होती. दोन बोटं गेली की संपलंच. धाकट्याच्या छोट्या गिटारला मात्र उरलेली पुरली असती.

"काप," म्हणत वडिलांनी टोकापाशी पेन्सिलीची रेघ मारली आणि बारीक पात्याची करवत थोरलीच्याच हातात दिली. सगळ्यात नेमकं तीच कापते, हे त्यांना मान्य होतं. कापण्यापुरतं.

थोरलीने फळी शिकंज्यात आवळली. मग खिशातून कंपास काढला, रेघेकडे ढुंकूनही न बघता फळीच्या लांब कडेवर टेकवला आणि अर्धं वर्तुळ ओढलं. वडील ताडकन पुढे आले. पण तोवर पातं लाकडात शिरलं होतं.

कारखान्याचा एक नियम होता. करवत लाकडात असताना कापणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. नियम वडिलांचाच. लहानपणी एका कारागिराला मध्येच हाक मारली म्हणून थोरलीच्या पाठीत धपाटा बसला होता. तो धपाटा ती विसरली नव्हती.

वडील ओठ आवळून उभे राहिले. धाकट्याने काहीतरी म्हणायला हात उचलला आणि वडिलांकडे बघून खाली घेतला. तपासनीसांना नियम माहीत नव्हता, पण रागरंग बघून तेही गप्प झाले.

लाकूड चिवट होतं. पातं रेघेवरून वळताना थोरलीच्या खांद्यातून कळा निघू लागल्या. घाम डोळ्यांत उतरला, तरी तिने पुसला नाही. क्षणभर थांबली असती तर दोन शब्दांत सगळं संपलं असतं. म्हणून ती थांबली नाही. पोटात राग होता, भरपूर होता, आणि आज तो हाताच्या कामी येत होता.

ती काय करतेय हे वडिलांना कुणी सांगायला नको होतं. अशी फळी जाडीतून चिरतात, दोन्ही पानं पुस्तकासारखी उघडतात आणि कडेला कड जोडतात. अर्ध्या वर्तुळासमोर अर्धं वर्तुळ आलं की गिटारच्या समोरच्या बाजूचं, तारांखालचं गोल भोक तयार होतं.

तुकडा सुटला आणि फरशीवर खणकन वाजला.

"घ्या साहेब," थोरलीने तो उचलून तपासनीसांना दिला. "आडवा आहे, ताजा आहे."

"सत्यानाश केलास!" वडिलांचा बांध फुटला. "आता कशाच्या कामाची राहिली ती?"

"एकाच कामाची राहिली, बाबा."

"अगं, असलं टणक लाकूड पाठीला लावतात. समोर कुणी लावतं का? वाजणार नाही ते!"

"नाही वाजलं तर शेगडी आहेच की. ती कुठे पळून जातेय?"

"आणि माझी ऑर्डर?" धाकटा म्हणाला.

"तुझी ऑर्डर तू काप."

तपासनीस तुकडा खिडकीपाशी घेऊन गेले होते. ब्लेडने त्याचा पापुद्रा काढून त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. "सुंदर आहे," ते म्हणाले, "पण मी असं कधी पाहिलेलं नाही. नाव लागेल की नाही, सांगता येत नाही. लागलं तर कुणाला कळवू?"

"मला," थोरली म्हणाली. "आणि नाही लागलं, तरी मलाच."

तिने फळी शिकंज्यात उभी आवळली आणि चिरायची मोठी करवत भिंतीवरून उतरवली. वडिलांनी बोलायला तोंड उघडलं.

थोरलीने त्यांच्या डोळ्याला डोळा दिला आणि करवत लाकडात घातली.